अक्का कुणाचं नाव घेत होत्या

विनोदिनीवहिनी पोतनीस आणि आम्ही देवासला सतरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. त्यांचे यजमान अशोकराव आणि माझे यजमान गियर बनवणाऱ्या एकाच कारखान्यात. कॉलनीतली निम्मीअधिक घरं आमच्यासारखी, नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली. पोतनीस मात्र इथलेच, माळव्यातल्या धारचे. अशोकरावांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरखान्यात होते. त्यामुळे त्या घरात ‘वन्सं’, ‘मामंजी’ असल्या जुन्या हाका अजून चालायच्या, आणि दारावरच्या भाजीवाल्याशी मात्र वहिनी चोख माळवीत हुज्जत घालायच्या.

वहिनी महूच्या. कामाला खंबीर, बोलायला कमी. मनाने वाईट नव्हेत, पण दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे त्यांना आपल्या ताटाआधी दिसायचं. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच म्हणत. पुढचं सगळंही मला त्यांनीच सांगितलं, काही तेव्हा आणि बरंचसं नंतर.

शहात्तर साली त्या लग्न होऊन धारला आल्या तेव्हा सासरे गोपाळराव शाळेत शिकवत होते, सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, आणि धाकटी नणंद लतिका कॉलेजात होती. वहिनींनी पहिल्या दिवाळीला अनारसे केले. अक्कांनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, “चांगला झालाय. लतूच्या अनारशाला जाळी जास्त पडते.” बोलणं एवढंच. पण असं प्रत्येक गोष्टीत व्हायचं. लतूचं अक्षर, लतूचा आवाज, लतूने भरलेली मिरची. दोन वर्षांनी लतिकाचं लग्न झालं आणि ती बडोद्याला गेली. नवऱ्याचा रसायनांचा कारखाना होता. वहिनींना वाटलं, आता घरात माणूस नाही म्हटल्यावर नाव कमी होईल. उलट ते वाढलं.

गोपाळराव नव्वद साली गेले. वहिनी आणि अशोकराव तोवर नोकरीमुळे देवासला आलेले, त्यामुळे अक्का धारच्या घरात एकट्या राहू लागल्या. त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एकदा मेथी आणायला म्हणून निघाल्या त्या मांडूच्या बसमध्ये जाऊन बसल्या. मांडूला उतरल्यावर कुठं जायचं ते सांगता येईना. चहाच्या टपरीवाल्याने बसवून ठेवलं, चहा पाजला आणि परतीच्या बसच्या कंडक्टरच्या हवाली केलं. पुढच्या महिन्यात त्या तिरल्याच्या रस्त्यावर चालताना सापडल्या. तेव्हा अशोकराव जाऊन त्यांना देवासला घेऊन आले. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून ‘डिमेन्शिया’ असं लिहून दिलं. आमच्या कॉलनीत हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. समोरच्या शर्माबाई म्हणाल्या, “सठिया गई हैं बेचारी.”

मग सात वर्षं वहिनींनी अक्कांचं केलं. चष्मा कणकेच्या डब्यात सापडायचा. एकच लुगडं अक्का दुपारभर उलगडायच्या आणि घडी घालायच्या. फाटकाला कुलूप, गॅसला कुलूप. पुढे पुढे चादरी दिवसातून दोनदा धुवायला लागायच्या. वहिनींना सात वर्षांत माहेरी जाऊन राहता आलं ते फक्त चार दिवस, भावाच्या वर्षश्राद्धाला.

आणि रोज दुपारी साडेचार वाजता अक्का फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. “लतू आली का शाळेतून?” वहिनी म्हणायच्या, “येईल.” दोन मिनिटांनी पुन्हा तेच. अंधार पडेपर्यंत.

वहिनींना त्या ओळखत नव्हत्या. ‘अहो बाई’ म्हणायच्या. एकदा मी त्यांच्या ओसरीवर बसले होते आणि वहिनी अक्कांच्या केसांना तेल लावून वेणी घालत होत्या. अक्का मला म्हणाल्या, “ही बाई मुलानं कामाला ठेवलीय. बरी आहे स्वभावानं. पण हात फार खरखरीत हो. माझी लतू वेणी घालते तेव्हा कळतसुद्धा नाही.” मी वहिनींकडे पाहिलं नाही. त्यांनी वेणी शेवटपर्यंत घातली, लोकर बांधली, आणि उठून आत गेल्या. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

ते शहाण्णव साल. त्याच आठवड्यात रविवारी बडोद्याहून लतिकाचा फोन आला. ती दर रविवारी सकाळी फोन करायची. औषधं, झोप, भूक सगळं विचारून झाल्यावर तिने हळूच विचारलं, “वहिनी, अक्का माझं नाव काढते का हो?”

वहिनी म्हणाल्या, “नाही वन्सं. आता कुणाचंच काढत नाहीत.”

पलीकडे लतिका रडते आहे असं त्यांना कळलं. वहिनींनी मला सांगितलं, “त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं ना, तसं. वीस वर्षांत तेवढं बरं वाटलं नव्हतं.”

त्यांना वाटलं होतं, आपण एकदाच बोलून गेलो. पण पुढच्या रविवारी लतिकाने पुन्हा विचारलं, आणि खरं सांगितलं असतं तर आधीचं खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून वहिनींनी तेच उत्तर दिलं. मग लतिकाने विचारणं सोडलं. फोन पंधरवड्याने येऊ लागले, मग महिन्याने.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एका रात्री उशिरा ती स्वतः आली. केस कापलेले, चष्मा, अंग जरा सुटलेलं. अक्का फाटकाशी ज्या लतूची वाट बघायच्या ती दोन वेण्यांची आणि निळ्या परकराची होती. त्यांनी लतिकाकडे नीट पाहिलं आणि वहिनींना विचारलं, “कोण पाहुण्या?” लतिका एक रात्र राहिली, जवळ बसली, हातावर हात फिरवला. अशोकरावांनी त्या तिघींचा एक फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा आली आणि लतिका गेली. साडेचारला अक्का फाटकाशी गेल्या आणि म्हणाल्या, “लतू नाही आली?”

“नाही आली,” वहिनी म्हणाल्या.

“हे मी का म्हणाले,” त्यांनी मला पुढे सांगितलं, “ते मला अजून नीटसं माहीत नाही. आत्ता येऊन गेली म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. पण मला ते म्हणायचंच नव्हतं.”

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत अक्का न्यूमोनियाने गेल्या. तीन दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी तोंडात पाणी घालत असताना त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, “लतू, दार लाव गं, वारा येतोय.” वहिनींनी उठून दार लावलं. अक्का त्यानंतर बोलल्या नाहीत. लतिका पोचली ती दुसऱ्या दिवशी.

दोन वर्षांनी लतिकाने न्यास काढला. सुमंगला हे अक्कांचं खरं नाव, म्हणून ‘सुमंगला पोतनीस स्मृती न्यास’. धारचं घर विकून आलेला आपला वाटा तिने त्यात घातला, वर नवऱ्याकडूनही घेतलं. देवासला मागे अंगण असलेलं एक घर घेऊन स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र सुरू केलं. सकाळी दहाला घरच्यांनी आणून सोडायचं, चारला न्यायचं. शिकवलेल्या दोन मदतनीस बाया, एक नर्स, शनिवारी घरच्या माणसांची बैठक. शिवाय इंदूरचे एक तरुण मेंदूविकारतज्ज्ञ, डॉक्टर शंतनू, या आजारावर माळव्यातल्या घरांतून संशोधन करत होते. त्यांच्या कामाला न्यास दर वर्षी पैसे देऊ लागला. आमच्याकडे असं काही पहिल्यांदाच होत होतं. लोकांना त्याचा फार उपयोग झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उद्घाटनाला मी वहिनींच्या शेजारी बसले होते. लतिका फार सुंदर बोलली, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. ती म्हणाली, “माझी आई सगळ्यांत आधी मला विसरली. मी लांब राहिले, त्याची ती शिक्षा असेल असं मला वाटतं. म्हणून हा न्यास.” लोकांनी डोळे पुसले, मग टाळ्या वाजवल्या. वहिनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, अक्कांच्या आठवणीने झालं असेल.

तिथं वाटलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर अक्कांचा आणि लतिकाचा फोटो होता. तोच, अशोकरावांनी काढलेला. कडा कापून नेटका केलेला. अक्कांच्या खांद्यावर मात्र चार बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या राहून गेल्या होत्या. वहिनींनी मला पान दाखवलं. “ही मी,” त्या म्हणाल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘श्रीमती विनोदिनी यांचे सहकार्य लाभले.’

त्यानंतर त्या दोन वर्षं केंद्राच्या रस्त्याने गेल्या नाहीत. बाजाराला जायचं तर टेकडीकडून वळसा घ्यायच्या. वर्तमानपत्रात लतिकाचा फोटो आला की ते पान त्या डब्याखाली अंथरायच्या, फोटो खाली करून.

दोन हजार पाचच्या सुमारास डॉक्टर शंतनू त्यांच्या घरी आले. न्यासाच्या संशोधनात अक्कांचीही माहिती घ्यायची होती. त्यांनी दोन तास बसून विचारलं. पहिली चूक कुठली झाली, रस्ता कधी चुकला, रात्रीची झोप कशी होती, गाणं आठवायचं का, हात धुवायला कधी विसरल्या. वहिनींना एकेक दिवस आठवत होता. त्या भराभर सांगत गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. मग डॉक्टरांनी पान उलटलं. कुठली नावं आधी जातात आणि कुठली शेवटपर्यंत राहतात, हाच त्यांच्या कामाचा मुख्य भाग होता.

“शेवटच्या सहा महिन्यांत त्या कुणाचं नाव घ्यायच्या?”

वहिनी म्हणाल्या, “माझं.”

“आणि मुलीचं?”

“ते सगळ्यांत आधी गेलं. वन्सं भाषणात सांगतातच की.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि खाली सही घेतली.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात त्यांनी अभ्यासातल्या काही गोष्टी वाचून दाखवल्या. त्यात नाव न घेता एक उदाहरण होतं: रक्ताच्या मुलीचं नाव सर्वांत आधी गेलं, आणि रोज हाताशी असलेल्या सुनेचं नाव शेवटपर्यंत टिकलं. सगळ्यांना कळलं की हे कोण. लतिका उठली आणि तिने वहिनींना मंचावर बोलावलं. सभागृह उभं राहिलं. तीस वर्षांत वहिनींना कुणी असं बोलावलं नव्हतं. लतिकाने त्यांच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला, आणि वाकून नमस्कार करताना कानाशी म्हणाली, “वहिनी, मला तुमचा हेवा वाटतो.”

वहिनी खाली उतरल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. जेवायच्या पंगतीत त्यांनी पानावरचं काही खाल्लं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “बरं वाटत नाही.”

दुसऱ्या दिवशी लतिका त्यांना मोटारीने धारला घेऊन निघाली. धारला दुसरं केंद्र काढायचं होतं, त्यासाठी जागा बघायची होती. इंदूर मागे पडलं, बेटमा गेलं. ड्रायव्हरला मराठी येत नव्हती. घाटाबिल्लोदच्या अलीकडे वहिनी म्हणाल्या, “वन्सं, अक्का माझं नाव कधीच घेत नव्हत्या.”

लतिकाला कळेना. “म्हणजे?”

“तुमचं घेत होत्या. शेवटच्या दिवशीसुद्धा. मी तुम्हाला खोटं सांगितलं. फोनवर. आणि डॉक्टरांनाही.”

“किती वेळा?” लतिकाने विचारलं.

“साडेचारला तर रोजच. बाकी मी मोजलं नाही.”

“रोज? सात वर्षं?”

“हो. फाटकाशी उभ्या राहायच्या.”

लतिका ड्रायव्हरला म्हणाली, “भिया, गाड़ी रोको.” ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या शेताशी, गाडीकडे पाठ करून उभी राहिली. वीस मिनिटं तरी ती तशी होती. वहिनी गाडीतच बसून राहिल्या. खाली उतरावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. ती परत आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

“तुम्ही असं का केलंत?”

“मी त्यांचं सगळं करत होते,” वहिनी म्हणाल्या, “आणि त्यांना तुम्ही हव्या होतात. मला सहन झालं नाही.”

“मी आले असते, वहिनी. ती बोलावते आहे हे कळलं असतं तर मी दर महिन्याला आले असते. राहिले असते. मला वाटलं, ओळखतच नाही तर जाऊन काय करू.”

लतिकाने गाडी देवासकडे वळवायला सांगितली.

घरी आल्यावर वहिनींनी अशोकरावांना सांगितलं. ते म्हणाले, “मला माहीत होतं. रविवारी फोनच्या खोलीत मीही असायचो.” मग का बोलला नाहीत असं त्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, “तू दमलेली असायचीस.” वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, “एकदा तरी रागावायला हवं होतं ह्यांनी.”

त्या आठवड्यात त्या एकट्या बसने इंदूरला गेल्या. डॉक्टर शंतनूंच्या दवाखान्यात रांगेत बसल्या आणि नंबर आल्यावर उत्तर दुरुस्त करायचं आहे म्हणाल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, “आता मी यातलं कुठलं उत्तर खरं धरू? पहिलं खोटं होतं, दुसरं खरं आहे हे मला कसं कळणार? सॉरी, ही केसच मला काढून टाकावी लागेल.” त्यांनी वहिनींसमोर अक्कांच्या कागदांवर आडवी रेघ मारली. अक्कांच्या नावाने चाललेल्या त्या संशोधनात अक्काच उरल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये वहिनींना पहिल्यांदा रडू आलं. “स्वतःसाठी नाही हो,” त्या म्हणाल्या. “त्यांनी रोज फाटकाशी उभं राहून घेतलेलं नाव मी पुसलं.”

आठ महिने लतिकाचा फोन नव्हता. भाऊबीजेला ती आली नाही. केंद्र चालू होतं, पैसे वेळेवर येत होते, धारचं केंद्रही सुरू झालं. त्याचं निमंत्रण अशोकरावांच्या नावाने आलं. तिथल्या भाषणात, असं मी नंतर ऐकलं, लतिकाने आई विसरल्याचं वाक्य म्हटलं नाही. फक्त न्यास काय काम करतो ते सांगून खाली बसली. टाळ्या कमी पडल्या म्हणे.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ती न कळवता देवासला आली. स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि वहिनींना म्हणाली, “मला सगळं सांगा. अक्का माझ्याबद्दल काय काय म्हणायची. काही गाळू नका.”

वहिनींनी तीन दुपारी सांगितलं. लतूला कैरीचं लोणचं आवडतं, तिला काढून ठेवा. लतूला ताप आहे का बघा. लतूच्या निळ्या परकराची शिवण उसवली आहे. लतू पहिली आली. वाऱ्याचं आणि दाराचंही सांगितलं. लतिका ऐकत होती, कधी हसत होती, कधी पदर तोंडाशी धरत होती. आणि वहिनी मला म्हणाल्या ते असं: “सांगतानासुद्धा माझं जळत होतं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. मध्येच एक तरी माझ्याबद्दलचं घालावं असं फार वाटलं. पण घातलं नाही.”

जाताना लतिका म्हणाली, “मला तुम्हाला माफ करता येत नाहीये अजून. येईल की नाही माहीत नाही. पण शनिवारची बैठक तुम्ही घ्या. तिथं सगळ्या तुमच्यासारख्याच येतात. त्यांच्यासमोर मला काही बोलता येत नाही.”

वहिनी पहिल्यांदा नाही म्हणाल्या. मग पंधरा दिवसांनी गेल्या, मागच्या खुर्चीत बसल्या. दोन महिन्यांनी बैठक त्याच चालवू लागल्या. फार बोलायच्या नाहीत. चादरी कशा वाळवायच्या, जेवण थुंकलं तर काय करायचं, अशा कामाच्या गोष्टी सांगायच्या. लतिका आली की केंद्रातली म्हातारी माणसं तिच्याभोवती गोळा व्हायची, तिला गाणी म्हणून दाखवायची. वहिनी ते बघायच्या आणि आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या. लपवायच्या मात्र नाहीत. “मला नाही बघवत,” असं तिथल्या मदतनीस बाईला सरळ सांगायच्या.

एका शनिवारी सतवासहून एक तरुण सून आली. सासूला आजार होऊन तीन वर्षं झाली होती आणि नणंद भोपाळला होती. सगळ्यांसमोर तिने विचारलं, “ननद पूछती है, माँ मुझे याद करती है क्या. मैं क्या बोलूँ?”

वहिनी म्हणाल्या, “तुम कुछ मत बोलो. फोन सास के कान को लगा दो, और बाजू हो जाओ.”

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. तिने तसं केलं होतं. सासू फोनवर हसली होती, मुलीला ‘मुन्नी’ म्हणाली होती, कितीतरी वेळ काहीबाही बोलली होती. हे सांगून झाल्यावर ती सून म्हणाली, “मैं दिन-रात करती हूँ। मुझसे तो कभी नहीं हँसी।”

बाकीच्या बायका तिची समजूत घालायला लागल्या. पुण्य लागेल, देव बघतो, असं काहीबाही. वहिनींनी हाताने त्यांना थांबवलं. आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली, मदतनीस बाईला दोन चहा आणायला सांगितलं, आणि चहा येईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिल्या.